ज्यांना बसवत नाही, त्यांच्या संस्थेची बैठक

प्रति,
माननीय अध्यक्ष, विश्वस्त आणि कार्यकारी समिती सदस्य,
दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांसाठी देशपातळीवर काम करणारी संस्था, मुंबई

विषय : नव्या मंडळाची निवड आणि त्याआधी बदलायच्या गोष्टी

सप्रेम नमस्कार.

बैठक या शब्दातच बसणं आलं. जो तीन तास एका जागी बसू शकतो तो बैठकीला येतो. जो बैठकीला येतो त्याचं नाव समितीसाठी सुचवलं जातं, आणि जो समितीवर टिकतो तो पुढे विश्वस्त होतो. इतर संस्थांमध्ये याने फारसं बिघडत नाही. वेदनेच्या रुग्णांच्या संस्थेत मात्र ज्यांच्यासाठी संस्था उभी राहिली तेच या चाळणीतून गळतात. वर उरतात ते डॉक्टर, निवृत्त अधिकारी, देणगीदार आणि ज्यांचं दुखणं सध्या आटोक्यात आहे असे थोडे रुग्ण. यात कुणाचा हेतू वाईट नाही, पण नुकसान खरं आहे.

मंडळाची मुदत संपत आली आहे. नव्या निवडीची सूचना निघण्याआधी हे पत्र आपल्या हाती पडावं म्हणून लिहितो आहोत. लिहिणाऱ्यांत मणक्याच्या, नसांच्या, डोकेदुखीच्या आणि ओटीपोटाच्या दुखण्याचे रुग्ण आहेत, फिजिओथेरपिस्ट आणि वैद्यकीय समाजसेविका आहेत, धर्मादाय संस्थांचे हिशेब पाहणारे सहकारी आहेत. आपापल्या कहाण्या इथे सांगत नाही. काय बदलायचं, कसं, आणि न बदलल्यास काय होतं, एवढंच सांगायचं आहे.

सुरुवात सभागृहापासून करतो, कारण तिथे सगळं ठरतं. 'रुग्णांसाठी आरामदायी खुर्च्या ठेवू' असं म्हणून भागत नाही, कारण एकाचा आराम तो दुसऱ्याचा त्रास. कंबरेची चकती सरकलेल्यांपैकी अनेकांना बसणं जड जातं आणि उभं राहिलं की बरं वाटतं. मणक्याची नळी अरुंद झालेल्यांचं नेमकं उलट. त्यांना उभं राहिलं की पायांत कळा येतात आणि पुढे वाकून बसलं की सुटका होते. ओटीपोटाच्या नसेचं दुखणं असेल तर सपाट खुर्चीवर दहा मिनिटंही नको होतात. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसच्या, म्हणजे मणक्याचे सांधे सुजून ताठरण्याच्या आजाराच्या रुग्णाला स्वस्थ बसणंच बाधतं, त्याला फिरत राहावं लागतं, आणि सकाळचा ताठरपणा सुटायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. म्हणून खोली अशी हवी की तिथे बसता, उभं राहता, आडवं होता आणि येरझाऱ्या घालता येतील, आणि यातलं काहीही करताना कुणाकडे बघून 'माफ करा' म्हणावं लागू नये.

प्रत्यक्षात यासाठी फार काही लागत नाही. हात असलेल्या, साधारण १८ इंच उंचीच्या खुर्च्या. हाताचा आधार नसेल तर गुडघ्याच्या आणि खुब्याच्या रुग्णाला उठताच येत नाही. साधारण ४२ इंच उंचीचं एक टेबल, म्हणजे उभ्याने कागद वाचता येतात. भिंतीलगत एक कॉट आणि त्यावर घट्ट गादी. सतरंजी अंथरून काम होत नाही, कारण जमिनीवर आडवं होणं जमतं, उठणं जमत नाही. मागे दहा-बारा पावलं चालता येईल एवढी मोकळी जागा ठेवा. लुकलुकणारी ट्यूब आदल्या दिवशी बदला, उदबत्ती लावू नका, आणि अत्तर लावून येऊ नये असं सूचनेतच लिहा. अर्धशिशी उठायला यातलं एकही कारण पुरेसं असतं.

आणि पंखा. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं असलेल्या बाईला सभागृहात ओळखायचं असेल तर तिचा पदर बघा. तो गालावर घट्ट ओढलेला असतो. पंख्याचा झोत गालाला लागला की वीज चमकावी तशी सणक जबड्यातून जाते, काही सेकंद टिकते, आणि पुढची कधी येईल या धास्तीने ती बोलणंही टाळते, कारण ओठ हलवल्यानेही सणक येते. अशी सदस्य बैठकीत गप्प बसली तर 'त्यांचं काही म्हणणं नव्हतं' अशी इतिवृत्तात नोंद होते. तिची जागा झोताबाहेर ठेवा आणि तिचं म्हणणं आधी लेखी घ्या, मग नोंद वेगळी होईल.

वेळ. सकाळी दहाची बैठक म्हणजे आठच्या गर्दीत लोकल पकडणं, आणि तेही ज्या वेळी सांधे सर्वांत ताठरलेले असतात. साडेअकराला सुरू करा. ४० मिनिटं काम, १५ मिनिटं सुट्टी, पुन्हा ४० मिनिटं काम, आणि फार तर सव्वाला संपवा, म्हणजे संध्याकाळच्या गर्दीआधी कल्याण-विरारचा माणूसही घरी पोचतो. सर्वांत महत्त्वाचा विषय पहिल्या ४० मिनिटांत घ्या. आपल्याकडे तो नेहमी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' यात शेवटी येतो, तोवर निम्मे रुग्ण निघून गेलेले असतात किंवा दुखण्याने त्यांचं लक्ष उडालेलं असतं. फायब्रोमायल्जियात, म्हणजे अंगभर दुखणं आणि थकवा असलेल्या आजारात, तर लांबलेल्या बैठकीची किंमत पुढचे दोन दिवस मोजावी लागते, आणि ती इतरांना दिसत नाही.

दादर हे पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे अशा दोन्ही मार्गांवर आहे म्हणून सगळे दादर सुचवतात. पण पनवेल-वाशीच्या माणसाला कुर्ल्याला गाडी बदलून यावं लागतं, आणि दादरचा पूल गर्दीच्या वेळी ओलांडणं ही वेगळीच परीक्षा आहे. सभागृह तळमजल्यावर हवं. ते नाहीच मिळालं तर लिफ्ट चालू आहे का, हे त्या दिवशी सकाळी नऊ वाजता फोन करून विचारण्याची जबाबदारी एका माणसावर नावानिशी टाका. रिक्षा-टॅक्सीचं भाडं त्याच दिवशी व्हाउचरवर सही घेऊन द्या. तीन महिन्यांनी मिळणारं भाडं ज्याला परवडतं तोच पुढच्या बैठकीला येतो.

जे येऊ शकत नाहीत त्यांनी फोनवरून, पडल्या पडल्या, कॅमेरा बंद ठेवून भाग घेतला तरी ते हजरच. याला नियमावलीत तरतूद लागेल. ती दुरुस्ती सर्वसाधारण सभेत मंजूर करून धर्मादाय आयुक्त कार्यालयात रीतसर नोंदवून घ्या, नाहीतर फोनवरच्या मतावर उद्या कुणीही हरकत घेईल.

आता जागांबद्दल. पंधरा जणांचं मंडळ असेल तर किमान सात जागा रुग्णांच्या असाव्यात, आणि त्या सातही कंबरदुखीच्या नसाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं अकरावं वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात दीर्घकालीन वेदनेला, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या वेदनेला, 'एमजी ३०' असा स्वतःचा क्रमांक आहे. त्याखाली सात गट आहेत : दुसऱ्या आजाराचं लक्षण नसलेली प्राथमिक वेदना, कर्करोगाशी निगडित, शस्त्रक्रियेनंतरची किंवा इजेनंतरची, सांधे-स्नायूंची, पोटातल्या आणि ओटीपोटातल्या अवयवांची, नसांची, आणि डोक्याची-चेहऱ्याची. जागा वाटताना ही यादी समोर ठेवा. शिवाय एक जागा सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णासाठी राखा. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार इथल्या आदिवासी घरांत सिकलसेलच्या वेदनेचे झटके लहान मुलांना येतात, आणि मुंबईतल्या मंडळात त्यांच्या वतीने बोलणारं कुणी नसतं. वर्षातून एकदा रुग्णाला मंचावर बोलावून शाल-श्रीफळ देणं म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे.

वेदनेच्या रुग्णाचे काही आठवडे वाईट जाणारच. ते गृहीत धरून रचना करा. विश्वस्तपद दुसऱ्याला उसनं देता येत नाही. त्यामुळे कार्यकारी समितीत प्रत्येक रुग्ण-जागेसाठी दोन नावं ठेवा. कागद दोघांना जातील, येईल त्याचं मत धरलं जाईल. विश्वस्त मंडळात गणपूर्तीची अट बदला : किमान दोन रुग्ण-विश्वस्त हजर नसतील तर कंपनीची देणगी स्वीकारण्याचा आणि औषधांबाबत भूमिका घेण्याचा ठराव त्या दिवशी होणार नाही. विषयपत्रिका आणि टिपणं सात दिवस आधी, मराठीत आणि हिंदीतही, प्रत्येक विषयाला दोन पानांच्या आत.

मुदत तीन वर्षांची आणि सलग दोनदाच. संस्थापकांबद्दल आम्हांला मनापासून आदर आहे, तरीही हे लिहितो. एकाच माणसाच्या खांद्यावर असलेली संस्था तो माणूस आजारी पडला की आजारी पडते. आज संध्याकाळीच तीन गोष्टी तपासून बघा. हेल्पलाइनचं सिमकार्ड संस्थेच्या नावावर आहे की कुणाच्या वैयक्तिक? संकेतस्थळाचं नाव कुणाच्या ईमेलवरून नूतनीकरण होतं? बँकेत सही करणारे तीन जण आहेत का, आणि त्यांतल्या कुणाही दोघांच्या सहीने पैसे निघतात का?

निवडीनंतरचं कागदी काम हलक्यात घेऊ नका. विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या कायद्याच्या कलम २२ खाली चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, धर्मादाय आयुक्तांच्या वरळीच्या कार्यालयात दाखल करावा लागतो. सोबत सभेची सूचना, ती सगळ्यांना पोचल्याचा पुरावा, हजेरीपत्रक, ठरावाची प्रत, नव्यांची संमतीपत्रं आणि जुन्यांचे राजीनामे लागतात. वाद बहुतेकदा सूचना पोचल्याच्या पुराव्यावरच अडतो. व्हॉट्सअॅपवर सूचना पाठवली आणि फोन बदलला, की पुरावा गेला. सूचना ईमेलने आणि पोस्टाने अशी दोन्ही प्रकारे पाठवा आणि पावत्या फाइलला लावा. चेंज रिपोर्ट लोंबकळत राहिला की बँक नव्या सह्या घेताना अडून बसते, आणि त्याचा पहिला फटका हेल्पलाइनवर काम करणाऱ्यांच्या मानधनाला बसतो.

रुग्ण मंडळावर नसले की काय निसटतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या हेल्पलाइनचा प्रश्नसंच आहे. 'शून्य ते दहापैकी वेदना किती?' हा त्यातला पहिला प्रश्न. बहुतेक जण दहा सांगतात, काही जण डॉक्टर रागावतील म्हणून पाच सांगतात, आणि ज्या बाईने बाळंतपणाच्या वेणा सोसल्या आहेत ती मनातल्या मनात तुलना करून तीन म्हणते. आकडा नोंदला जातो, पण हाती काही लागत नाही.

मराठीत वेदनेला एक शब्द नाही, डझनभर आहेत, आणि प्रत्येकात निदानाचा धागा आहे. ठणका आणि ठसठस सुजेकडे, पिकण्याकडे बोट दाखवतात. कळ येते आणि जाते, ती आतड्याची, मूतखड्याची किंवा पाळीची असू शकते. उसण भरते ती स्नायूत. पायांत गोळे येतात ते वेगळे. आग होणं, मुंग्या येणं, बधिरपणा, करंट लागल्यासारखी सणक जाणं हे शब्द नसांकडे नेतात. आणि हुळहुळणं. कपड्याचा नुसता स्पर्शही सोसत नाही, चादर अंगावर नको होते, या लक्षणासाठी वैद्यकात स्वतंत्र इंग्रजी संज्ञा आहे. आपल्या माहितीपत्रकात ती संज्ञा देऊन खाली दोन ओळींचं स्पष्टीकरण छापलं आहे. नागीण होऊन गेल्यावर महिनोन्महिने बरगडीवर पदर टेकू न देणाऱ्या आजीला विचारा, ती एका शब्दात सांगते : हुळहुळतं. तो शब्द पत्रकात असता तर तिला स्वतःचं दुखणं तिथे सापडलं असतं.

नसांची वेदना ओळखण्यासाठी डॉक्टर वापरतात त्या 'डीएन फोर' प्रश्नावलीतले दहापैकी सात मुद्दे नुसते विचारून कळतात, त्यासाठी तपासावं लागत नाही : आग, बोचरा गारवा, विजेचे झटके, मुंग्या, टोचणी, बधिरपणा, खाज. सातपैकी तीन किंवा जास्त 'हो' आले तर नसांच्या वेदनेची शक्यता धरतात. हेल्पलाइनने निदान करायचं नाही. पण 'डॉक्टरांना हे तीन शब्द जरूर सांगा' एवढं सांगितलं तरी साध्या वेदनाशामकांच्या फेऱ्यांत जाणारे महिने वाचू शकतात, कारण नसांच्या वेदनेची औषधं वेगळी असतात.

नुसत्या आकड्याऐवजी रोजचं जगणं विचारा. गेल्या आठवड्यात दुखणं सरासरी किती होतं, त्याने जगण्यातली मजा किती हिरावली, कामात किती आडवं आलं, हे तीन प्रश्न पुरतात. त्यांना इथलं रूप द्या. पाण्याची बादली उचलता येते का? भारतीय पद्धतीच्या संडासात उठता-बसता येतं का? दादरहून कल्याणपर्यंत उभ्याने जाता येतं का? एक महिन्याने तेच प्रश्न पुन्हा विचारा. दुखणं ३० टक्के किंवा जास्त कमी झालं, उदाहरणार्थ दहापैकी नवावरून सहावर आलं, तर उपचाराने अर्थपूर्ण फरक पडला असं मानतात. सगळं दुखणं जाईपर्यंत उपचार फुकट, असं रुग्णालाही वाटता कामा नये.

फोन घेणाऱ्यांना काही गोष्टी पाठ हव्यात. कंबरदुखीबरोबर जांघेत किंवा बसायच्या जागी नव्याने बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर तो फोन तिथेच थांबवून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवायचं, कारण काही तासांच्या उशिराने कायमचं नुकसान होऊ शकतं. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री दुखण्याने जाग येणं असेल, तर मुंबईत पहिला विचार मणक्याच्या क्षयाचा करायचा. 'जगण्यात अर्थ नाही' असं कुणी म्हणालं तर विषय बदलायचा नाही. जीव देण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारायचं, घरात कोण आहे ते विचारायचं, आणि टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकाला जोडून देईपर्यंत फोन ठेवायचा नाही.

दुसरं, पुड्या. लेबल नसलेली पांढरी किंवा तपकिरी पूड, 'सांधेदुखीवर खात्रीचं औषध' म्हणून मिळते आणि एक-दोन दिवसांत चमत्कार वाटावा असा आराम देते. अशा कित्येक पुड्यांत स्टिरॉइड असतं. काही महिन्यांनी चेहरा गोल होतो, वजन वाढतं, कातडी पातळ होऊन जरा लागलं तरी काळंनिळं पडतं. इथे स्वयंसेवकाकडून सर्वांत घातक चूक होऊ शकते ती म्हणजे 'आजच बंद करा' असं सांगणं. शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. अचानक थांबवलं तर उलट्या, भोवळ, रक्तदाब कोसळणं, प्रसंगी मृत्यू. सांगायचं ते असं : पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू कमी करतील. प्रीगॅबालिन आणि गॅबापेन्टिन या नसांच्या वेदनेवरच्या गोळ्याही एकदम सोडायच्या नसतात. आणि दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांत पॅरासिटॅमॉलच असू शकतं, त्यामुळे दिवसाची एकूण मात्रा मोजून घ्यायची. डोकेदुखीवर महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्याला त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते, हेही फोनवर विचारल्याशिवाय कळत नाही.

फोन घेणारे स्वतः रुग्ण असतील तर पाळी दोन तासांचीच ठेवा आणि हेडसेट द्या. फोन कानाखांद्यात धरून बोललं की मानेचं नवं दुखणं सुरू होतं. ज्याने आत्महत्येबद्दलचा फोन घेतला त्याची त्या दिवसाची पाळी तिथेच संपली असं धरा, आणि कुणीतरी त्याच्याशी बोला.

पैशांबद्दल. अमेरिकन पेन फाउंडेशन ही रुग्णांची मोठी संस्था मे २०१२ मध्ये बंद झाली. २०१० साली तिच्या सुमारे ५० लाख डॉलरच्या उत्पन्नातला जवळपास ९० टक्के वाटा औषध आणि उपकरण कंपन्यांचा होता, आणि ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं, बनवणाऱ्या कंपन्यांशी असलेल्या संबंधांची अमेरिकी सिनेटच्या वित्त समितीने त्याच महिन्यात चौकशी सुरू केली. पुढे २०१८ च्या सिनेट अहवालात अशा १४ संस्थांना पाच कंपन्यांकडून २०१२ ते २०१७ या काळात मिळालेले सुमारे ९० लाख डॉलर उघड झाले. याची किंमत कुणी मोजली ते बघा. २०१६ नंतर तिथे डॉक्टरांनी वर्षानुवर्षं एकाच मात्रेवर स्थिर असलेल्या रुग्णांच्या ओपिऑइड गोळ्याही झपाट्याने तोडल्या, इतक्या की एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या औषध नियामकाला त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला. त्या रुग्णांची बाजू मांडायची वेळ आली तेव्हा मांडणाऱ्या संस्थांवर लोकांचा भरवसा उरला नव्हता. म्हणून आम्ही देणगीच्या प्रश्नावर इतका आग्रह धरतो. भरवसा एकदा गेला की खरं बोललेलंही कुणी ऐकत नाही.

आपल्याकडे १२ मार्च २०२४ ला औषध कंपन्यांच्या विपणनाची समान संहिता आली. डॉक्टरांना भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार यांवर तिचा रोख आहे. संस्थेने स्वतःसाठी त्याहून कडक नियम करावा. कंपनीचं नाव, रक्कम आणि कारण ३० दिवसांत संकेतस्थळावर मराठीतही टाका. एका कंपनीकडून वर्षाच्या उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून जास्त घेऊ नका, आणि सगळ्या कंपन्या मिळून २५ टक्क्यांहून जास्त नको. ज्या विश्वस्ताने कंपनीकडून मानधन घेतलं असेल त्याने त्या विषयाच्या वेळी खोलीबाहेर जावं, आणि तो बाहेर गेल्याची वेळ इतिवृत्तात लिहावी. उपकरणांच्या बाबतीत हे जास्तच लागू आहे. पाठीच्या कण्याजवळ बसवायच्या विद्युत उत्तेजकाचा खर्च काही लाखांत जातो. त्याच्या पत्रकात आधी काही दिवसांची तात्पुरती चाचणी करतात, ती अपयशी ठरली तर कायमचं यंत्र बसवत नाहीत, तारा सरकू शकतात आणि बॅटरी कधीतरी बदलावी लागते, हे मोठ्या अक्षरांत हवं. ते लिहायचं टाळणारी देणगी परत करा.

सरकारकडे काय मागायचं, यावर थोडक्यात. अमली पदार्थ कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, २०१५ मध्ये नियम आले. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन या सहा औषधांसाठी पूर्वीसारखे अनेक परवाने लागत नाहीत. राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेली वैद्यकीय संस्था ती ठेवू शकते, महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. तरीही गोळी मिळत नाही, कारण मान्यता असते पण प्रशिक्षित डॉक्टरची बदली झालेली असते, किंवा वर्षाच्या गरजेचा अंदाज वेळेत गेलेला नसतो. संस्थेने जिल्हावार यादी करून दर महिन्याला प्रत्येक ठिकाणी फोन करावा : आज साठा आहे का, कोण लिहून देतं, कोणत्या वारी. ही यादी एखाद्या परिषदेपेक्षा जास्त लोकांच्या उपयोगाची आहे. आणि याच श्वासात हेही स्पष्ट लिहा की कर्करोगाच्या तीव्र वेदनेत मॉर्फिन नाकारणं हा अन्याय आहे, पण जुन्या कंबरदुखीवर ते सर्रास देणं हा उपाय नाही. दोन्ही वाक्यं एकत्र म्हणणारी संस्था आज हवी आहे.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या यादीत २१ प्रकार आहेत. दीर्घकालीन वेदना हा त्यांत स्वतंत्र प्रकार नाही. हातापायांचं अपंगत्व मोजताना हालचाल आणि ताकद मोजतात, ती शाबूत असेल तर दुखण्याने माणूस अंथरुणाला खिळला तरी सवलतींसाठी लागणारे ४० टक्के भरत नाहीत. मग लोकलच्या दिव्यांग डब्यात चढलं की 'तुम्हांला काय झालंय, धडधाकट तर दिसता' हे ऐकावं लागतं. मागणी 'वेदना यादीत घाला' एवढीच ठेवू नका, वेदनेमुळे रोजचं कोणतं काम किती वेळ करता येत नाही हे मोजण्याची पद्धत सोबत द्या. वर सांगितलेले बादली आणि लोकलचे प्रश्न तिथे कामी येतील. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि धर्मादाय रुग्णालयांतल्या गरिबांसाठीच्या १० अधिक १० टक्के राखीव खाटा या दोन्हींचा भर दाखल होण्यावर आहे. वेदनेचा रुग्ण मात्र वर्षानुवर्षं बाह्यरुग्ण विभागातच असतो, आणि औषधं, फिजिओथेरपी, समुपदेशन यांचा खर्च खिशातून करतो. मागणी तिथे करायला हवी.

यातलं सगळं एका महिन्यात होणार नाही. सभेआधी मात्र चार गोष्टी होऊ शकतात : वेळ आणि सभागृह, फोनवरून हजेरीची दुरुस्ती विषयपत्रिकेत पहिल्या क्रमांकावर, गेल्या तीन वर्षांतल्या कंपन्यांच्या देणग्यांची यादी, आणि हेल्पलाइनच्या प्रश्नसंचाचा नवा मराठी मसुदा. मसुदा आम्ही लिहून देऊ. उत्तर मराठीत, १४ पॉइंटच्या अक्षरांत पाठवावं, आमच्यापैकी काहींना पडून, हात वर धरून वाचावं लागतं. सभागृह नक्की करण्याआधी आमच्यातल्या दोघी टेप घेऊन खुर्च्यांची उंची, लिफ्ट आणि पंखे बघायला येतील. कुठल्याही कामाच्या दिवशी साडेअकरा ते तीनमध्ये बोलवा, आदल्या दिवशी फोन केला तरी चालेल.

आपले,
मुंबई, ठाणे आणि पनवेल परिसरातील वेदनेचे रुग्ण, फिजिओथेरपिस्ट, वैद्यकीय समाजसेविका आणि सहकारी